मोरपंखी बिल्ला

१

बारा वाजले की भिवंडी मरायची आणि चारला उठायची. त्या वर्षी लोडशेडिंगनं तसाच शिरस्ता पाडून ठेवला होता. जन्म भिवंडीत काढलेल्या माणसाला लूमचा आवाज ऐकू येत नाही, जसा स्वतःच्या छातीतला ठोका ऐकू येत नाही. थांबला की कळतो. नारपोलीतले हजारो लूम एका झटक्यात गप्प व्हायचे आणि मग जी शांतता उतरायची ती काही बरी शांतता नव्हती. कुणी तोंडावर हात दाबून धरल्यासारखी होती. कारागीर लुंग्या झटकत बाहेर यायचे, चहा प्यायचे, सावली बघून आडवे व्हायचे. कुत्री भुंकायला विसरायची.

केसरीनाथच्या शेडात लूम नव्हतेच. एके काळी आठ होते. मंदीच्या सालात भंगारात गेले, किलोच्या भावानं. आता तिथं एक ड्रिल मशीन, प्लास्टिक दळायचा एक ग्राइंडर आणि सिमेंटच्या जमिनीवर लूमच्या पायांचे काळे चौकोनी डाग. शेडाच्या मागं दोन खोल्यांचं घर. आणि एक वस्तू जुन्या दिवसांतली उरली होती ती म्हणजे भिंतीतली पगाराची खिडकी.

वीतभर रुंद, हातभर उंच, एका फळीची. फळीला लोखंडी खिट्टी, आतल्या बाजूनं. बाहेर बोळ. पंधरवड्याला कारागीर बोळात रांग लावायचे, उन्हात घाम पुसत, खाकरत उभे राहायचे, आणि केसरीनाथ आत स्टुलावर बसून एकेकाला पगार द्यायचा. खिट्टी आपल्या बाजूला आहे, हे त्याला फार आवडायचं. कधी उघडायचं आणि कोणाला उभं ठेवायचं, ते आपण ठरवायचं. बासष्टीचा झाला, लूम गेले, केस गेले, पण तो ताठा काही गेला नाही.

लूम विकल्यापासून ती खिडकी कोणी वाजवली नव्हती. त्या मंगळवारी, लाइट गेल्यावर अर्ध्या तासानं, वाजली.

टक्.

माणसाच्या बोटाचा आवाज नव्हता तो. लाकडावर काहीतरी चपटं, गोल ठेवल्याचा होता. केसरीनाथला तो आवाज ओळखता आला. तसला आवाज त्यानं वर्षभर रोज ऐकला होता. त्याची बायको कमळा बिल्ले निवडायची तेव्हा तो यायचा. आणि कमळाला जाऊन सोळा दिवस झाले होते.

२

बिल्ले कसले, ते आधी सांगितलं पाहिजे.

गोव्याला पाण्यात एक जहाज उभं होतं. त्यावर पैसेवाले जुगार खेळायला जायचे. तिथं नोटा टेबलावर टाकायला मनाई. आधी खिडकीवर नोटा द्यायच्या, बिल्ले घ्यायचे, बिल्ल्यांवर खेळायचं, आणि नशिबानं उरलेच तर त्याच खिडकीवर देऊन नोटा घ्यायच्या. जहाजवाले त्याला चिप म्हणायचे. केसरीनाथ चौथी नापास, तो बिल्ला म्हणायचा. पांढरा शंभराचा, काठाला दोन पट्टे. लाल पाचशेचा, चार पट्टे. हिरवा हजाराचा, सहा. आणि मोरपंखी दहा हजाराचा, काठाला आठ पिवळे पट्टे. डोळे मिटून बोटानं सांगावा असा एकेक. शिवाय पोटात एक छुपी खूण, नांगराची. ती नुसत्या डोळ्याला दिसत नाही, जांभळ्या बत्तीखाली धरली की उमटते.

मागल्या सालात जहाजावर खोटे बिल्ले निघाले. मग सगळा जुना माल बाद करून नवा छापला. जुना मात्र फेकून चालत नाही. तो मोजायचा, मारायचा, दळायचा, आणि तसा कागद करायचा. हे काम फिरत फिरत केसरीनाथच्या शेडात आलं होतं. दर आठवड्याला देवेश नावाचा जहाजाचा माणूस लाखेचं सील मारलेल्या थैल्या घेऊन यायचा. शंभर खाचांच्या ताटात बिल्ले लावायचे, ताट भरलं की शंभर. मग प्रत्येकाच्या पोटात मधोमध ड्रिलनं भोक. भोक पडलं की बिल्ला मेला. मग ग्राइंडर, मग भुकटी, मग कागदावर सह्या. केसरीनाथचा अंगठा चालायचा.

"काका, एक जरी कमी भरला तर माझी नोकरी गेली, तुमचं काम गेलं," देवेश म्हणायचा.

"आन् एक जास्ती भरला तर?"

"तर मग पोलीस."

कमळा गोणीवर पाय पसरून बसायची आणि रंगांप्रमाणं बिल्ले निवडायची. टक्, टक्, टक्. तिला मोरपंखी फार आवडायचा.

"या बटनाचं दहा हजार?" ती विचारायची. "बाजारात चालतो का वो यो?"

"नाही मावशी," देवेश हसायचा. "ज्या घरानं दिला, त्याच घरात चालतो. बाहेर किंमत शून्य."

"मंग माजा राणीछाप बरा. वर देवाघरी बी चालंल."

कमळाकडे चांदीचा राणीछाप रुपया होता. लग्नात आईनं दिलेला. राणीच्या मानेशी, काठावर एक खाच होती, आईनं कोयत्यानं पाडलेली. सासरी चार सुनांचे रुपये एका गाठोड्यात पडले तरी आपल्या लेकीचा ओळखू यावा म्हणून. रुपया खर्चायचा नव्हताच. मयताच्या कपाळाला रुपया लावून पाठवतात. कमळानं तो त्याच दिवसासाठी पत्र्याच्या डब्यात चिंधीत बांधून ठेवला होता. "मना काय बी नको," म्हणायची, "कपाळाला तेवढा माजा रुपया लावा."

हे बोलणं निघालं की केसरीनाथ ग्राइंडरमध्ये डोकं घालायचा. कारण चिंधीत रुपया नव्हता. मंदीच्या सालात त्यानं तो पडघ्याच्या हिरामण सोनाराला विकला होता आणि चिंधीत तेवढ्याच वजनाचा, नटाखालचा लोखंडी वायसर बांधून ठेवला होता. कमळा दर दिवाळीला गाठोडं हातात घेऊन तोलून बघायची आणि परत ठेवायची. सोडून बघितलं नाही कधी. नवऱ्यावर विश्वास.

एकदा कमळानं देवेशला विचारलं, "खोटा बिल्ला घेऊन कोनी खिडकीवर आला, तर मारतात का रं त्याला?"

"छे! आवाजसुद्धा चढवत नाहीत. बत्तीखाली धरतात, हसतात, आणि म्हणतात, 'या, आत या.' बाजूचं दार उघडतात."

"आन् मंग?"

"मग काय होतं मला माहीत नाही, मावशी. मी कधी आत गेलो नाही."

३

कमळा गेली ती कामावरच. चैत्रातली सकाळ, दहाचा सुमार. ताटात नव्वदएक मोरपंखी लावून झाले होते. उरलेले मांडीवर. ती एका अंगाला कलली, डुलकी लागल्यासारखी. बिल्ले घरंगळत जमिनीवर गेले. देवेशनं पाणी मारलं. केसरीनाथ खाली बसून बिल्ले गोळा करत राहिला. बायको मेलीय हे हाताला कळलं होतं, डोक्याला कळायचं होतं. माणूस अशा वेळी असलंच काहीतरी करतो.

बायका जमल्या. कोन गावावरून त्याची थोरली बहीण हौसा आली. हौसा म्हणजे पंचक्रोशीतल्या मयतांना आंघोळ घातलेली बाई, जिला मेलेल्यांची भीती नाही आणि जित्यांची भीड नाही. सवाष्ण गेली म्हणून हिरवं लुगडं, हिरवा चुडा, मळवट भरला. मग हौसानं हात पुढे केला.

"तिचा रुपया आना."

डबा आणला. चिंधी सुटली. वायसर हौसाच्या तळहातावर पडला. सगळ्या बायका बघत होत्या.

"केसरी, यो काय रं?"

"चोरानं नेला असंल."

"सुटा रुपया लावा कोनाचा तरी," मागून कुणी म्हणालं. "वेळ चाललाय."

सुटा रुपया लावला असता तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण केसरीनाथला माणसांच्या नजरा लागल्या होत्या. आठ लूमचा मालक, आणि त्याच्या बायकोच्या कपाळाला भाजीवाल्याला द्यायचा रुपया? त्याच्या मुठीत मघाचा एक बिल्ला तसाच राहिला होता. त्यानं मूठ उघडली.

"रुपया कसला लावता? दहा हजाराचा लावतो माज्या बायकोला!"

आणि कुंकवाच्या ओल्या मळवटात त्यानं तो मोरपंखी बिल्ला अंगठ्यानं दाबला. बरोबर बसला. जसा तिथलाच.

हौसा म्हणाली, "केसरी, हे नानं न्हाय."

"दहा हजार हायत ते."

"कुठं चालतात?"

उत्तर त्याला माहीत होतं.

देवेशनं दारातून सगळं पाहिलं होतं. ताटाची एक खाच रिकामी होती, नव्व्याण्णवच होते. त्यानं मान खाली घातली आणि कागदावर शंभर लिहिले. दुःखाच्या घरात कोण मोजत बसतो? स्मशानात चिता पेटली तेव्हा मधूनच काळा धूर उठला आणि प्लास्टिक जळाल्याचा वास सुटला. लोक म्हणाले, कुणीतरी टायर टाकला असेल.

४

तर त्या मंगळवारी खिडकी वाजली.

केसरीनाथ स्टुलावर बसला होता. उठला, खिट्टी काढली, फळी उघडली. बोळात ऊन पांढरं पडलं होतं. या टोकाला गटार, त्या टोकाला बंद शटर. माणूस नाही, माणसाची सावली नाही. आणि खिडकीच्या उंबऱ्यावर एक मोरपंखी बिल्ला.

त्यानं उचलला. गरम होता. उन्हानं तापला असेल. काठावर काजळी होती आणि आठ पट्ट्यांच्या फटींत लाल काहीतरी सुकलं होतं. त्यानं नखानं खरवडलं, वास घेतला. कुंकू.

भीती लगेच वाटत नाही माणसाला. आधी राग येतो. देवेशनंच पाठवला असणार, त्याला वाटलं. आपण चोरतो का, हे बघायला. नाहीतर स्मशानात राख चाळणारे असतात, सोनं शोधणारे. त्यांना मिळाला असेल, खोटा निघाला म्हणून रागानं आणून टाकला असेल. पण प्लास्टिक चितेत उरतं कसं? नसेल जळालं. बाजूला पडला असेल. सगळ्याला कारण असतं.

चारला लाइट आली. त्यानं पहिलं काम केलं ते बिल्ल्याच्या पोटात भोक पाडायचं. मग ग्राइंडरमध्ये टाकला. कडकड आवाज झाला आणि चिमूटभर निळी भुकटी घमेल्यात पडली. ती त्यानं गटारात सोडली. जेवला. झोपला. चांगली झोप लागली, खोटं कशाला बोला.

५

बुधवारी, लाइट गेल्यावर अर्ध्या तासानं. टक्.

तोच बिल्ला. तीच काजळी, तेच कुंकू, आणि भोक नाही.

गुरुवारी तेच. त्यानं पुन्हा दळला. शुक्रवारी तो बारा वाजायच्या आधीच खिडकीपाशी जाऊन फटीला डोळा लावून बसला. लूम थांबले. बोळात एक चिमणी उतरली, उडाली. घाम डोळ्यात गेला तरी त्यानं पापणी लवू दिली नाही. कोणी आलं नाही. शपथेवर सांगावं इतकं कोणी आलं नाही.

टक्.

आवाज त्याच्या कोपरापाशी झाला. बिल्ला उंबऱ्यावर होता, पण आतल्या बाजूला. फळी बंद होती. खिट्टी लागलेली होती.

शनिवारी देवेश थैल्या घेऊन आला. केसरीनाथनं बिल्ला त्याच्या हातात ठेवला. देवेशनं खिशातली जांभळी बत्ती काढली. बिल्ल्याच्या पोटात नांगर उमटला, लख्ख.

"कुठून आणलात, काका?"

"आला."

"हा कागदावर मेलाय. मी सही केलीय याच्या मरणाची."

"जहाजाच्या खिडकीवर देऊन बघ. काय ती भरपाई घेऊन टाक याची. म्हंजे सुटला."

देवेशनं बत्ती विझवली. "जहाज नाही घेणार. ज्या घरानं दिला त्याच घरात चालतो." मग हळू आवाजात म्हणाला, "काका, हा जहाजानं दिलेला नाही. हा तुम्ही दिलात."

त्यानं थैल्या उचलल्या, सील न फोडताच. तो पुन्हा आला नाही. थैल्याही आल्या नाहीत.

६

आता शेडात काही कामच उरलं नव्हतं. पण बारा वाजले की केसरीनाथ आपोआप स्टुलावर जाऊन बसायचा. जसा पगाराच्या दिवशी बसायचा तसा.

सोमवारी बिल्ला आला नाही. त्याऐवजी फळीच्या पलीकडून आवाज आला. फार जवळून, फळीला ओठ लावून बोलावं तसा. घशात राख अडकलेल्या माणसाचा.

"माजा रुपया."

केसरीनाथला वाटलं आपलं डोकं फिरलं. एकटा माणूस, उन्हाचा चार तास कोंडून बसतो, फिरणारच. त्यानं तोंडावर पाणी मारलं, मोठ्यानं शिव्या घातल्या, स्वतःचं नाव घेतलं, बापाचं नाव घेतलं. सगळं आठवत होतं.

"आवो. माजा रुपया."

त्यानं खिशातला रुपया काढला, फळी बोटभर उघडली आणि उंबऱ्यावर सरकवला. क्षणभर काही नाही. मग रुपया परत आत सरकला, हळूच, सभ्यपणानं, आणि खाली पडला. त्यानं दोनाचा ठेवला, पाचाचा ठेवला. परत. शंभराची नोट ठेवली. ती नुसती थरथरत राहिली, वारा नसताना.

दुसऱ्या दिवशी तो कोनला हौसाकडे गेला. हौसा ओट्यावर सुकट निवडत होती. त्यानं सगळं सांगितलं. म्हणजे एक सोडून सगळं.

हौसानं हातातलं सूप खाली ठेवलं नाही. "तिचा तिला दे."

"चोरानं नेला तो, कुठून दिऊ?"

"चोर?" हौसा हसली. तिला दोनच दात होते. "केसरी, चोराला वायसर बांधून ठेवायची काय गरज पडली रं? दुसऱ्याच्या बायकोला वाईट वाटू नये म्हनून?"

त्याचा चेहरा उतरला.

"जा. खिडकी उघड आन् खरं सांग. उभी हाय ती उन्हात. खरं बोलायला तुला काय मोजावं लागत न्हाय."

"आन् मंग माजी लाज?"

"कोनापुढं? तिच्यापुढं? चाळीस वर्सं तुजी धोतरं धुतली तिनं. तुजी कसली लाज उरलीय तिला?"

तो उठला आणि चहा न पिता निघाला. बहिणीचं ऐकलं असतं तर पुढं काही लिहायलाच नको होतं. पण माणसाला हरवणं सोपं असतं, वाकवणं अवघड.

७

पडघ्याच्या हिरामण सोनारानं चष्म्यावरून पाहिलं. "तो रुपया? तेव्हाच वितळवला. कुणाच्या तरी जोडव्यांत असेल आता. चालत असेल कुठंतरी."

"दुसरा हाय? राणीछापच?"

होता. राणी तीच, चांदी तीच, वर्षही जवळपास. केसरीनाथनं काय पैसे मागितले ते दिले. घरी आल्यावर शेडात बसला आणि कानस घेतली. राणीच्या मानेशी, काठावर, एक खाच पाडली. कोयत्यानं पाडलेली खाच कशी असते ते त्याला ठाऊक होतं, एका बाजूला खोल, एका बाजूला उथळ. तशीच जमवली. मग राखेनं चोळली, रुपया गोड्या तेलाच्या चिंधीत गुंडाळून दोन दिवस डब्यात ठेवला, म्हणजे जुना वास लागावा. वर्षभर त्यानं खोट्या बिल्ल्यांच्या पायी खरे बिल्ले दळले होते. खरं कशावरून ओळखतात, हे त्याच्याइतकं भिवंडीत कोणाला कळत होतं?

"आता तरी जा, कमळे," तो पुटपुटत होता. "आता तरी जा गं."

शुक्रवारी लूम थांबले. तो आवाज यायची वाटच बघत होता.

"माजा रुपया."

त्यानं फळी बोटभर उघडली आणि रुपया उंबऱ्यावर ठेवला.

या वेळी रुपया परत आला नाही. लाकडावर बोटं फिरल्याची खसखस झाली. मग, ठण्ण. उंबऱ्यावर नाणं आपटून बघितलं होतं. मग बराच वेळ एक बारीक आवाज येत राहिला. नख खाचेत घालून फिरवल्याचा. खोल बाजूनं, उथळ बाजूनं. पुन्हा खोल बाजूनं.

बांगड्या किणकिणल्या आणि सगळं शांत झालं.

त्यानं फळी सताड उघडली. बोळ रिकामा. रुपया नाही. तो तिथंच भिंतीला टेकून खाली बसला आणि ढसाढसा रडला. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन बोंबील आणले, स्वतः तळले आणि पोटभर जेवला. आठ दिवस खिडकी वाजली नाही. आठ दिवसांत त्याच्या मनात एक विचार दोन-तीनदा येऊन गेला, आणि त्या विचाराबरोबर थोडं हसूही. जितेपणी फसली, मेल्यावरही फसली. बिचारी.

८

नवव्या दिवशी, बारा वाजून अर्धा तास. टक्.

चांदीचा आवाज होता.

केसरीनाथ स्टुलावरून उठला नाही. बराच वेळ नुसता त्या फळीकडे बघत राहिला. मग बघितलं तर रुपया उंबऱ्यावर आतल्या अंगालाच पडला होता. त्याच्या मधोमध, राणीच्या तोंडातून आरपार, एक भोक होतं. गोल, साफ, त्याच्याच ड्रिलच्या मापाचं. काठ अजून गरम होते.

त्यानं मान वळवली. ड्रिल मशीनच्या खाली, सकाळी त्यानं स्वतः झाडलेल्या फळीवर, चांदीचा बारीक कीस पडला होता. कुरळा, ताजा. लाइट बारालाच गेली होती. मशीनचं बटण बंद होतं. त्यानं हात लावून पाहिलं. मोटर गरम होती.

भोक पडलं की बिल्ला मेला.

तेव्हा कुठं तो वाकला. इतक्या दिवसांत त्याला तेवढंच करायचं होतं आणि तेवढंच त्यानं केलं नव्हतं. फळीवर कपाळ टेकून तो ओरडायला लागला.

"इकला मी! कमळे, मीच इकला तुजा रुपया! चोर न्हाय, कोन न्हाय. पडघ्याला इकला. कारागिरांचा पगार द्यायचा व्हता, रांग लागली व्हती, मान खाली गेली असती माजी. वायसर मीच बांधला. तू दर दिवाळीला तोलून बघायचीस तवा मी बघत व्हतो गं! मना माफ कर. काय दिऊ तुला? काय पन माग, माज्या हातून काय बी घे!"

मग पलीकडून आवाज आला. आता घशात राख नव्हती. आवाज स्वच्छ होता, मऊ होता, आणि त्यात हसू होतं.

"या," कमळा म्हणाली. "आत या."

९

आत? केसरीनाथच्या डोक्यात तो शब्द घुटमळला. आत तर मीच आहे. ती बाहेर आहे, बोळात. खिट्टी माझ्या बाजूला आहे.

त्यानं खिट्टीकडे हात नेला.

हाताला नुसती फळी लागली. उन्हानं तडकलेली, रंग उडालेली, जुन्या पावसांचे ओघळ उतरलेली. खिडकीची ही बाजू त्यानं उभ्या जन्मात क्वचितच पाहिली होती. पगार घ्यायला तो कधी उभा राहिला नव्हता.

मानेवर ऊन लागत होतं. मी स्टुलावरून आत्ताच उठलोय, त्यानं स्वतःला बजावलं. माझ्या मागं ग्राइंडर आहे. ड्रिल मशीन आहे. वळून बघायची गरजच नाही. त्यानं मागं न बघता एक हात मागं नेला, स्टूल चाचपायला. स्टूल लागलं नाही. नाकाला गटाराचा वास आला.

आणि अगदी पाठीशी कुणीतरी खाकरलं. रांगेत मागं उभा असलेला माणूस खाकरतो तसं. त्याच्याही मागं आणखी कुणी पाय बदलले.

फळीच्या फटीतून गार वारा येत होता. आत लूम चालले होते. त्यानं मोजायचा प्रयत्न केला आणि मोजताही आले, कारण आपल्या लूमचा आवाज मालकाला ओळखू येतो. आठ. फटीला डोळा लावला तेव्हा त्याला आत फार काही दिसलं नाही. हिरवा चुडा भरलेला एक हात. हाताखाली शंभर खाचांचं ताट. ओळीनं सगळ्या खाचा भरलेल्या, एक रिकामी. ताटात होते ते बिल्ले नव्हते. ते काय होतं ते बघायच्या आत त्यानं डोळा काढून घेतला.

कपाळाला काहीतरी ओलं लागलं होतं. मघाशी फळीला टेकल्यामुळं असेल. सगळ्याला कारण असतं.

"कमळे," तो म्हणाला, "चार वाजू दे. लाइट येऊ दे. मंग येतो."

आतून खिट्टी सरकल्याचा आवाज झाला.

चार केव्हाच वाजून गेले होते. भिवंडी अजून उठली नव्हती.